व्याह्यांची गाडी

नागपूर,
९ नोव्हेंबर २०२५

विहंग,

आशीर्वाद शेवटी देते, आधी भांडून घेते. भाऊजींशी तुझं बिनसलं ते समजलं, पण माझा नंबर काय म्हणून ब्लॉक केलास? सख्खी बहीण आहे मी तुझी, कर्जवसुलीवाली नाही. यमुआत्याच्या मागे लागून लागून तुझ्या हैदराबादच्या ऑफिसचा पत्ता मिळवला, तोही तिने "माझं नाव सांगू नको" असं दहादा बजावून दिला. घे, सांगितलं.

तू अजून तेच धरून बसला असशील. यांनी डिव्हायडरला गाडी ठोकली, पॉलिसी आधीच संपलेली होती, आणि मेहुणा विम्याचा सर्व्हेअर म्हणून यांनी तुला तारखेचं काहीतरी जुळवायला सांगितलं. तू भर पंगतीत "भाऊजी, हा खोटेपणा आहे" म्हणालास आणि ताटावरून उठून गेलास. तू खरा होतास. पण खरं बोलायला जेवण होईपर्यंत थांबता आलं असतं. पुरे झालं ते, आता माझं ऐक.

तुझ्या भाचीचं, वेदिकाचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. मुलगा पुष्कर, इथल्याच एका कंपनीत इंजिनिअर आहे. शांत आहे, दिसायला बरा आहे, आणि वेदिकाला आवडलाय. वडील मधुकरराव डहाके, गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार. बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आमाले हुंडा नको, मानपान नको. नारळ अन् पोरगी द्या." तुझ्या भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. परत येताना रस्ताभर तेच चाललं होतं, असे लोक राहिले कुठे म्हणून.

दिवाळीच्या फराळाला आम्ही त्यांच्याकडे गेलो. तेव्हा मधुकरराव म्हणाले, मी नवी गाडी घेतोय, जुनी बाहेरच्याला द्यायला जीव होत नाही. तुम्ही घ्या आणि लग्नात पोरांना द्या, म्हणजे घरची वस्तू घरातच राहील. गाडी म्हणजे ती मोठ्या नावाची जर्मन, काळी, लांबलचक. आत बसलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. किंमत त्यांनी सांगितली ती बाजारात अशा जुन्या गाडीला पडते तेवढीच आहे. वर "तुमच्यासाठी" असंही म्हणाले. यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

आता मला काय खटकलंय ते सांगते. मधुकररावांची बिल्डिंग नाल्याला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी अंबाझरीच्या पुरात तिथलं तळघरातलं पार्किंग भरून गेलं होतं, हे सगळ्या नागपूरला माहीत आहे. मी सहज विचारलं, तुमच्या गाड्यांचं काय झालं? तर व्याहीण पटकन म्हणाली, "हे गाडी त्या दिवशी अमरावतीले होती." मी फक्त गाड्या म्हटलं होतं रे. या गाडीचं नावही घेतलं नव्हतं.

वेदिका काटोलच्या कॉलेजात शिकवते. लग्नानंतर रोज हीच गाडी घेऊन ती काटोल रोडने जाणार-येणार. गाडी पाण्यात बुडालेली आहे का हे कसं ओळखायचं, ते मला कळव. मेकॅनिक आणून दाखवायची सोय नाही. व्याह्यांच्या वस्तूत मुलीकडच्यांनी खोट शोधायची नसते, हे तू नागपूर सोडलं असलंस तरी विसरला नसशील. जे काही पाहायचं ते मला पदर सावरत, चिवडा खात पाहावं लागेल.

फोन करायचा नसेल तर करू नको, पण उत्तर दे. आणि हा घे आशीर्वाद.

तुझी ताई

नागपूर,
२० नोव्हेंबर २०२५

विहंग,

तुझं पत्र मिळालं. हो, पत्रच! खिशात फोन असताना स्पीड पोस्टाने उत्तर पाठवणारा माणूस आपल्याच घराण्यात जन्माला यायचा होता. पण एवढं सविस्तर लिहिलंस, बरं वाटलं. आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच वाकडं आहे.

तू लिहिलंस की बाहेरून चकचकीत करणं सोपं असतं, म्हणून रंग, टायर, सीटची कव्हरं यांकडे बघूच नको. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघ, कारण गाडी धुणारे सगळं धुतात पण आत गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही. सीटखाली हात घालून रुळांना गंज आहे का पाहा. गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर समज की तुम्ही यायच्या आधी त्यांनी ती चालवून ठेवली आहे. हे सगळं मी तोंडपाठ केलं आणि रविवारी वांग्याचं भरीत देण्याच्या निमित्ताने एकटीच त्यांच्याकडे गेले.

व्याहीण म्हणाली, बसून तर पाहा आपल्या गाडीत. मला तेच हवं होतं. बॉनेटवर हात टेकून मी "वा, काय चकाकी" म्हटलं. गार होतं. मग पुढच्या सीटवर बसले, "पट्टा कसा लावायचा वं याचा" असं काहीतरी बोलत तो ओढायला लागले. विहंग, किती लांब असतो रे तो पट्टा! संपतच नव्हता. पार मांडीवर ढीग झाला आणि शेवटच्या वीतभर भागावर ती दिसली, पिवळट तपकिरी रेघ, चहा सांडून वाळल्यासारखी. तिच्या खालचा पट्टा कडक होता. नाकाजवळ नेला तर गाळाचा वास.

तेवढ्यात व्याहीण काचेशी आली आणि म्हणाली, "काय करून राहिल्या चारुताई?" मी पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला आणि माझी बांगडी फुटली. मी हसले, तीही हसली. पण तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि मग पट्ट्याकडे, आणि त्यानंतर मी निघेपर्यंत एकदाही गाडीचं नाव काढलं नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे भडकले. "तुले गाडीतलं काय समजते? पट्टा पाहून राहिली! मेकॅनिक लावू का आता व्याह्याच्या गाडीले? पोरीचं लग्न मोडाचं हाय का तुले?" मी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर ती गाडी त्यांनी त्याच दिवशी आणून दारात उभी केली असती, तुझ्या नाकावर टिच्चून.

मला झोप येत नाही. पुष्करला हे माहीत आहे का? मला आता गाडीपेक्षा हे जास्त खातंय. बाप व्यापारी आहे, खपवणं त्याच्या रक्तात आहे, मी समजू शकते. पण ज्या मुलाच्या भरवशावर पोर देतोय त्याला हे ठाऊक असेल तर?

ताई

नागपूर,
२९ नोव्हेंबर २०२५

विहंग,

आनंदाची बातमी आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

परवा मला सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात जायचं होतं. पुष्करचा फोन आला, "काकू, मी सोडतो." आला तो तीच गाडी घेऊन. मी देवाचं नाव घेऊन बसले. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी सरळच विचारलं, "पुष्कर, ही गाडी पुरात होती का?"

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो हलेना. मग गाडी पुढे काढून कडेला लावली आणि म्हणाला, "काकू, तळघरातच होती. छतापर्यंत पाणी होतं." विम्याला कळवलंच नाही म्हणे, कारण मग कागदावर आलं असतं आणि विकता आली नसती. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून धुऊन, वाळवून, इंजिनचं काम करून घेतलं. आणि पुढचं ऐक. एअरबॅगचा लाल दिवा सारखा लागत होता. दुरुस्तीचा खर्च फार होता म्हणून त्या माणसाने दिवाच काढून टाकला.

"म्हणजे फुगा उघडणार नाही?"

"उघडंल का नाही, सांगता येत नाही काकू. तुम्ही घेऊ नका ही गाडी. पण मी सांगितलं असं म्हणू नका. पप्पा मले घरात ठेवणार नाहीत."

मी त्याला शब्द दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं रे. बापाच्या धाकात वाढलेलं पोर, तरी मला खरं सांगितलं. गाडी जाऊ दे खड्ड्यात, मुलगा सोन्यासारखा निघाला. त्या दिवशी मी यांच्या आवडीचा पाटवडी रस्सा केला. हे विचारत होते, आज काय विशेष म्हणून.

आता फक्त यांना कसं परतवायचं ते बघते. सांगेन काहीतरी, गाडी मोठी आहे, वेदिकाला झेपणार नाही, पेट्रोल फार खाते. तू काळजी करू नको. आणि माझी पत्रं मिळतात ना, मग आता तरी फोन सुरू कर.

ताई

नागपूर,
१३ डिसेंबर २०२५

विहंग,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते, पण गॅस आहे म्हणून वाचलं. काय लिहितोस तू! "त्याने तुला सांगितलं, ताई, कारण तुला सांगणं सोपं होतं. बापाला अडवलं नाही, वेदिकाला सांगितलं नाही. आता गाडी घेतली तर चूक तुझी, आणि नाही घेतली तर वाईट तू." बारा गावच्या मोडक्या गाड्या बघून बघून तुला माणसंही मोडकीच दिसायला लागली आहेत, असं मी लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं, कारण त्यानंतर जे जे होत गेलं ते तुझ्याच बाजूने गेलं.

यांना मी सगळी कारणं सांगून पाहिली. गाडी मोठी आहे म्हटलं तर म्हणाले शिकेल. पेट्रोल खाते म्हटलं तर म्हणाले डहाके गरीब हाय का? मग मी पुष्करला फोन केला. म्हटलं, बाबा रे, माझं काही चालत नाही, तूच एकदा काकांशी बोल. बघतो म्हणाला. मग फोन उचलेनासा झाला. परवा मेसेज आला, "काकू प्लीज, मला यात आणू नका."

मी त्याला यात आणू नये! विहंग, मला इतका संताप आला की फोन उचलून आपटावासा वाटला, पण तो वेदिकाने पहिल्या पगारातून घेऊन दिलाय.

उद्या रविवारी गाडी घ्यायला जायचं आहे. हार आणलाय, नारळ आणलाय, चाकाखाली ठेवायला लिंबं आणलीत. यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. पुष्करला दिलेला शब्द मोडायचा, नाहीतर लेकीला त्या गाडीत बसवायचं. आज दुपारी मी वेदिकाला सगळं सांगून टाकलं, पट्ट्यापासून मेसेजपर्यंत.

ती पेपर तपासत होती. लाल पेन हातातच होतं. मला वाटलं रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल की मला आधी का नाही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दिवा काढलाय हे त्याला माहीत होतं? नक्की?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "उद्या मी पण येते."

लग्नाआधी मुलीने सासरच्या घरी जायचं नसतं म्हणून हे नाक मुरडतील. मी तसं म्हटलंही. "मुरडू दे," म्हणाली आणि पुन्हा पेपर तपासायला लागली. एका पोराला शून्य देताना मी पाहिलं तिला, पेन कागदातून आरपार गेलं.

मला भीती वाटते आहे. लग्न मोडेल म्हणून वाटते, आणि नाही मोडलं तर काय म्हणूनही वाटते. तू इथे असायला हवा होतास.

ताई

नागपूर,
२४ डिसेंबर २०२५

विहंग,

इतके दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते. आज सलग सांगते.

गाडीला त्यांनीच हार घालून ठेवला होता. व्याहीण वेदिकाला बघून चमकली, पण तोंडदेखलं "या, या" म्हणाली. मधुकरराव खुशीत होते. यांच्या हातात किल्ली दिली, पाठीवर थाप मारली, "घ्या भाऊ, आता पोराइले द्या." पुष्कर बाजूला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

वेदिका सरळ त्याच्यासमोर गेली. आवाज चढवला नाही. वर्गात प्रश्न विचारतात तसं विचारलं, "पुष्कर, ही गाडी घेऊन मी रोज काटोलला जाऊ?"

तो तिच्याकडे बघेना. वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे असं बघितलं विहंग, की जणू मी त्याचं काही चोरलंय. मग म्हणाला, "मले गाडीतलं जास्त समजत नाही. पप्पा म्हणतात तर चांगलीच असंल."

इंजिनिअर आहे रे तो!

मधुकरराव हसले. "पोरगी चौकस हाय बावा." कोणी काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "पुष्कर, छतापर्यंत पाणी होतं हे मला तूच सांगितलंस. दिवा काढलाय हेही तूच सांगितलंस." शब्द मोडला मी. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

मला वाटलं, आता हे मला सगळ्यांसमोर झापतील. पण हे पुष्करजवळ गेले. किल्ली मुठीत होती. "खरं हाय का गा हे?" इतक्या मऊ आवाजात विचारलं की मलाच भरून आलं. त्यांना "नाही" असंच ऐकायचं होतं. तो नाही म्हणाला असता तर त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला असता, माझ्यावर नाही. पण तो नाहीही म्हणाला नाही आणि होही म्हणाला नाही. खाली बघत राहिला.

यांनी किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. "मधुकरराव, मले गाडी नको. लग्न ठरल्या तारखेले करू. दुसरी गाडी घेतो पोराइसाठी, लहान असंल, पण नीट पाहून घेतो."

इथे सगळं निस्तरलं असतं बघ. हो म्हणायचं होतं फक्त. पण मधुकररावांचं तोंड उतरलं आणि मग लाल झालं. म्हणाले, "माह्या दारात येऊन माही वस्तू नाकारता? आम्ही एक रुपया नाही मागतला तुमाले. एवढी एक गोष्ट होत नाही तुमच्यानं? गाडी नाही तर लग्नाचंही मंग पाहावं लागंल."

तुझ्या भाऊजींना तेव्हा समजलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते. नारळ आणि पोरगी म्हणून जे डोळे भरून आले होते, तेच डोळे. त्यांनी व्याह्यांना नमस्कार केला. "पाहा तुमी," म्हणाले. आणि मग वेदिकाला, "चल वं बाई."

ऑटोने परत निघालो. निम्म्या वाटेत यांनी मला विचारलं, "तो पट्टा ओढून पाहाचं तुले कोणं सांगतलं होतं?" मी म्हटलं, विहंगने. पुढचे दोन चौक गेले. मग म्हणाले, "माह्यावर राग असंल त्याचा, राहू दे. पोरीसाठी ये म्हणा." तुझ्या भाऊजींच्या तोंडून यापेक्षा जास्त काही निघणार नाही, तूही जास्तीची वाट बघू नको. ये.

त्याच संध्याकाळी पुष्कर आला. चपला दारात काढून हात बांधून उभा राहिला. हे आतल्या खोलीत निघून गेले. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "वेदिका, माझं चुकलं. मला तिथे बोलता नाही आलं. पप्पांसमोर मला सुचतच नाही काही. लग्न आपल्याला करायचं आहे, त्यांना नाही." खरंच रडत होता. मला दया आली. वेदिकाही रडत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, ही आता माफ करते.

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "हे त्यांना सांगून आलास?"

"नाही. त्यांना वाटतंय मी मित्राकडे गेलोय."

"मग जा," ती म्हणाली. "त्यांना सांग आणि मग ये. मी कुठे जात नाहीये."

तो मान हलवून गेला. जाताना मला वाकून नमस्कार केला.

त्याला आता दहा दिवस होतील. वेदिका रोज काटोलला एसटीने जाते, परत येते, पेपर तपासते, जेवते. काही विचारलं तर हसून बोलते. दाराकडे बघतसुद्धा नाही. बघते ती मी. बाहेर फाटक वाजलं की हातातलं टाकून खिडकीशी जाते. कधी दूधवाला असतो, कधी शेजारची कौसल्या. आणि तुला म्हणून सांगते विहंग, इतर कोणाला सांगू शकत नाही. तो नाही हे दिसलं की मला हायसं वाटतं.

ताई